छकड्याची वाकडी फळी

संपादकांचं पत्र आलं तेव्हा मी ओसरीत बसून करवतीच्या दातांना कानस मारत होतो. करवत आता कशाला लागत नाही, पण हाताला चाळा हवा. पत्रात लिहिलं होतं, ‘शंकरपटाच्या छकड्याचा शोध आपण कसा लावलात, ते आमच्या दिवाळी अंकाच्या वाचकांना सांगावे.’ सुनेनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. तिला कारण ठाऊक आहे. धावत्या छकड्यावर मी जन्मात एकदाच बसलो आणि पट अर्धा व्हायच्या आत शेजारच्या तुरीत जाऊन पडलो.

तेव्हा पहिल्याच फटक्यात सांगून टाकतो, छकड्याचा शोध मी लावला नाही. अमरावतीहून दर्यापूरच्या रस्त्याला लागलं की वलगाव लागतं, तिथला मी सुतार. चार खांबांवर टीन आणि समोर बाभळीचा ओंडका एवढाच माझा कारखाना. बंड्या म्हणजे मालाच्या बैलगाड्या, आणि वखर, डवरे, तिफणी ही शेतीची अवजारं, हे रोजचं काम. पन्नास सालानंतरच्या पंधरावीस वर्षांत अमरावती-अकोल्याकडचे पुष्कळ पटाचे छकडे माझ्या हातून गेले, हे खरं. पण काय कापायचं, काय वाढवायचं, हे सांगणारे दुसरे होते. जे त्याच्यावर बसायचे ते. त्यातल्या एकाबद्दल लिहायचं आहे, पण त्याच्यापर्यंत पोचायला थोडा वेळ लागेल.

ज्यांनी पट पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. कापूस घरात आला की पौष-माघात मोकळ्या शेतात पट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, भरतो. दोन सरळ पट्ट्या आखायच्या, दोन जोड्या बरोबरीनं सोडायच्या आणि पलीकडच्या टोकाला पंच झेंडी घेऊन उभे. एका छकड्याला दोन बैल आणि एक माणूस. या माणसाला आमच्याकडे धुरकरी म्हणतात. बैल मालकाचे, नाव मालकाचं, जिंकल्यावर फेटाही मालकाच्याच डोक्याला. धुरकऱ्याच्या वाट्याला बैलांना फिरवून गार करण्याचं काम येतं.

सुरुवातीला पटाची गाडी अशी वेगळी नव्हतीच. बाजाराला, लग्नाला जाण्याची हलकी रेंगी असायची तीच पटावर यायची. वरचं छत तिथंच सोडवून बाभळीखाली ठेवायचे आणि घरच्या बाया त्याच्या सावलीत बसून भाकरी खायच्या. मग कोणीतरी बाजूचे कठडे काढले. मग खालच्या तट्ट्या गेल्या. दरवर्षी माझ्याकडे दुरुस्तीला येणारी रेंगी आदल्या वर्षीपेक्षा जास्त उघडी असायची. एकानं मागची फळीच काढून माझ्या हातात दिली. म्हणाला, “मिस्त्री, हे ठुवा तुमच्याजोळ. घरात लगन निंघालं का घेऊन जाईन.” पाच वर्षं वाट पाहून मी त्या फळीचा पोळपाट करून टाकला.

दोन चाकांच्या गाडीत सगळी मेख तोलात असते. वजन पुढे गेलं तर जू बैलांच्या मानेवर बसतं. मागे गेलं तर जू वर उचलतं आणि गळ्याखालची पट्टी बैलाचा श्वास कोंडते. त्याला गाडी उलार झाली म्हणतात. बंडीत पोती असतात, एकदा नीट रचली की मुक्कामापर्यंत बघावं लागत नाही. छकड्यात एकच पोतं, ते म्हणजे धुरकरी, आणि ते काही केल्या एका जागी राहत नाही. सुटताना त्याला पुढे झुकायचं असतं, कारण बैल उठले की छकडा मागे बसतो. बैल भरात आले की त्याला मागे सरकायचं असतं, म्हणजे मानेवरचा भार हलका होतो. हे मला बापानं शिकवलं नव्हतं. बापानं फक्त पोती माहीत असलेल्या गाड्या केल्या होत्या. धुरकरी येऊन फळी लांब करा म्हणायचे आणि मी त्यांना येड्यात काढायचो. लांब फळी म्हणजे जास्त वजन, एवढं मला कळत होतं. त्यांनी ऐकलं नाही. एकानं घरचीच एक फळी सुतळीनं बांधून पट मारला, म्हणजे जिंकला, तेव्हा मी लांब फळी करायला लागलो. माझं ‘संशोधन’ हे असं चालायचं.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. शेंदूरजनाघाटचे एक संत्र्याचे बागवाले होते. त्यांना स्वतःच धुरकरी व्हायचं होतं आणि देवानं देह असा दिला होता की बागेत ते चालले तर आजूबाजूची संत्री गळायची, असं त्यांचाच गडी म्हणे. त्यांनी छकड्याला पाठ टेकायची खुर्ची लावून मागितली. मी लावून दिली. गिऱ्हाइकाला नाही म्हणायची मला हिंमत नव्हती, हा माझा दोष पुढेही दिसेल. ते बसले आणि बैलांनी शांतपणे रवंथ सुरू केली. सुटायचा इशारा झाला, दुसरी जोडी जाऊन परत आली, यांची रवंथ चालू. ती खुर्ची पुढे त्यांनी संत्री मोजायला बसण्यासाठी वापरली.

दुसरे एक अकोल्याच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, यंत्र सांभाळणारे. त्यांनी जुन्या यंत्रातलं पोलादी गोळ्यांचं बेअरिंग आणलं आणि छकड्याच्या चाकात बसवायला लावलं. मी बसवलं. चाक एकदा फिरवलं की मी चहा पिऊन यायचो तरी फिरत असायचं. आम्ही दोघेही खुशीत. तो छकडा ज्या जोडीला लावायचा होता ती दर्यापूरकडच्या नानासाहेबांची, त्या भागातली सगळ्यात नावाजलेली. पटावर ती जोडी सुटली आणि दहा पावलांवर थबकली. दोन्ही बैल मागे वळून बघायला लागले. पुन्हा सोडली, पुन्हा तेच. लोक हसून लोळायला लागले.

तेव्हा नानासाहेबांचा धुरकरी खाली उतरला, चाकाशी वाकला आणि मला म्हणाला, “मिस्त्री, चाक बोलून नाई राहिलं.”

मी म्हणालो, “मग चांगलंच की. वंगणाची गरज नाही.”

“तुमाले चांगलं. बैलाले वाटते का मांगं काही हायेच नाई. त्याले आवाज आला पायजे. तो आवाजाच्या पुढं पयते.”

त्यानं रस्त्यावरचा गंजका डबा उचलला, त्यात चार खडे टाकले आणि आसाला टांगला. तिसऱ्यांदा जोडी सुटली ती थेट पंचांच्या अंगावर गेली. तेव्हापासून माझ्या छकड्यांच्या आसाखाली एक कडी असते. नवीन लोकांना ती कशासाठी आहे ते कळत नाही, काही जण तिला कंदील अडकवतात.

त्या धुरकऱ्याचं नाव सुदाम. नानासाहेबांकडे तो सालदार होता, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. अंगानं काटकुळा, बोलायला फटकळ. बैलांशी मात्र फार हळू बोलायचा. पट झाला की तो वाकडी वाट करून वलगावला यायचा आणि छकड्यात काय बोचतं ते सांगायचा. चाकं लहान करा हे त्यानं सांगितलं. धुऱ्याला, म्हणजे बैलांकडे जाणाऱ्या लांब दांड्याला, सागाऐवजी धावड्याचं लाकूड घाला, ते वाकतं पण मोडत नाही, हेही त्याचंच. बसण्यापेक्षा एक गुडघा टेकून राहणं सोपं, म्हणून फळीला गुडघ्याएवढी खोल जागा त्यानं माझ्याकडून कोरून घेतली. मी नुसता कोरणारा. पण लोक विचारायचे, “मिस्त्री, ही खाच तुम्हाला कशी सुचली?” आणि मी मान हलवायचो. हो म्हणत नव्हतो. नाही पण म्हणत नव्हतो.

आता त्या वर्षाकडे येतो. आदल्या दसऱ्याला सुदाम बायकोला घेऊन नागपूरला गेला आणि दीक्षा घेऊन आला. त्याच्या वस्तीतली बहुतेक घरं गेली होती. पटाच्या रिवाजाप्रमाणे जोडी सुटण्याआधी धुरकरी बैलांपुढे नारळ फोडतो. सुदामनं सांगून टाकलं की आता तो फोडणार नाही. “बैलाले पानी पाजतो, मानेले तेल चोयतो, पाया पडा म्हना तं बैलाच्या पडतो. नारय कोनासाठी फोडू?” नानासाहेबांना जिंकण्याशी मतलब होता. ते म्हणाले, “नको फोडू बापा. जोडी हाक म्हंजे झालं.”

त्या वर्षी नानासाहेबांना वजनाचं वेड लागलं होतं. छकडा हलका करून करून मी थकलो होतो. शेवटी त्यांची नजर चाकांवर गेली.

इथे चाकाचं थोडं समजून घ्या. लाकडी चाकावर लोखंडी पट्टा असतो, त्याला धाव म्हणतात. गोवऱ्यांच्या आगीत ती लाल करायची, चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. लोखंड आकसतं आणि लाकडाला आवळून बसतं. पण आमच्या वऱ्हाडातली हवा कोरडी. माघ सरता सरता लाकूड सुकतं, आकसतं आणि धाव सैल होते. म्हणून शेतकरी गाडी नदीच्या पाण्यात उभी करून ठेवतो. चाक पाणी पितं, फुगतं आणि धाव पुन्हा घट्ट होते. यात काही विद्या नाही, शेंबडं पोरही सांगेल.

नानासाहेबांनी माझी चाकं जिनाच्या वजनकाट्यावर चढवली. एकदा कोरडी, एकदा पाण्यातून काढून. फरक पाहून म्हणाले, “मिस्त्री, हे पानी माहे बैल काहून ओढतील?”

सुदाम तिथंच होता. तो म्हणाला, “मालक, चाक पानी पेल्याशिवाय मी बसत नाई.”

नानासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी हुशारी केली. म्हणालो, धाव आणि लाकडाच्या फटीत मी अंजनाच्या लाकडाच्या पातळ पाचरी ठोकतो. अंजन लोखंडासारखं कठीण असतं. चाक कोरडं राहील आणि धाव हलायची नाही. बंडीच्या चाकात अशा पाचरी शेतकरी नेहमी मारतात. पण बंडी चालते आणि छकडा उडतो, हा फरक मला त्या वेळी दिसला नाही. खरं म्हणजे दिसायला हवा होता. मालकापुढे माझा शब्द वर राहावा, ही हौस मध्ये आली.

सुदाम माझ्याकडे बघत म्हणाला, “मिस्त्री, तुमी म्हनता म्हनून बसतो.”

दर्यापूरजवळच्या पटात जोडी सुटली. नारळ फुटला नाही. अर्ध्यावर डाव्या चाकाची धाव निघाली आणि छकडा सोडून आपली आपण पुढे पळत गेली. मागोमाग चाक उकललं, आस जमिनीला लागला आणि सुदाम खाली. त्याचा डावा पाय फळीच्या त्या कोरलेल्या खाचेत होता, तो वेळेवर निघाला नाही. बैल थोडं ओढत गेले आणि त्याचा आवाज ऐकून थांबले. त्यानं बैलांना हाक मारली होती, माणसांना नाही.

मी धावत गेलो तेव्हा पट्टीत माझ्या पाचरी विखुरल्या होत्या. लोक सुदामला उचलत होते. मी वाकलो आणि पाचरी गोळा करून धोतराच्या सोग्यात घातल्या. का, ते मला तेव्हाही माहीत होतं. माझ्या मागे कोणीतरी म्हणालं, “नारय फोडला नाई ना बे त्यानं.” दुसरा म्हणाला, “मंग काय होईन!” पट उठायच्या आत ते सगळ्या शेतात झालं. संध्याकाळी ते दर्यापूरच्या बाजारात होतं. नानासाहेब गप्प होते आणि मीही.

सुदामचा गुडघा बरा झाला, पण वाकायचा बंद झाला. नानासाहेबांनी त्याला सालावर पुन्हा ठेवलं नाही. लंगडा गडी नको, हे एक कारण. दुसरं कारण असं की कुठल्याच मालकाला त्याचा हात बैलांना लागायला नको होता. ज्यानं रिवाज मोडला आणि ज्याला देवानं शिक्षा केली, तो माणूस पटावर अपशकुनी. असं तोंडावर कोणी म्हणत नसे. जोडी देत नसत, इतकंच. आणि सुदामला दुसरं काही नको होतं. जोडी हाकायची होती.

दुसऱ्या वर्षी होळीच्या सुमारास धावेची पट्टी घ्यायला मी अकोल्याला गेलो. एका जिनाच्या फाटकाशी सुदाम दिसला. डावा पाय सरळ पसरून पोत्यांची तोंडं शिवत होता. मला पाहून त्याला आनंद झाला, हे सांगायला मला आजही जड जातं. आम्ही चहा घेतला. यंदा कोणाचा छकडा कसा पळाला ते त्यानं खोदून खोदून विचारलं. मग म्हणाला, “मिस्त्री, नानासाहेबाले तुमी एक शब्द टाकून पाहा ना. तुमच्या शब्दाले वजन हाय. धुरकरी चुकला नव्हता येवढंच सांगा.”

मी म्हणालो, “बघतो.”

“चाक सुटलं काहून, हे तुमाले मालूम असंन.”

“असेल काहीतरी,” मी म्हणालो.

त्यानं सुई पुन्हा हातात घेतली. त्यानंतर मी नानासाहेबांना दोनदा भेटलो. दोन्ही वेळा वखराच्या पात्याबद्दल बोलून आलो. एक शब्द टाकायचा म्हणजे पुढचा विचारला जाणार, ‘मग चूक कोणाची?’ आणि मला नवीन कामं येत होती, नाव वाढत होतं. मला लाज वाटत होती, पण ती अशी लाज होती की जेवण जात होतं आणि झोपही येत होती.

त्यानंतरचा हंगामही सरला. मग एका सकाळी सुदाम बसमधून वलगावला उतरला आणि माझ्या टिनाखाली आला. जिन सुटलं होतं. गावातले भाजीवाले पुंडलिकराव त्याच्या ओळखीचे निघाले. त्यांच्याकडे तरणी जोडी होती, विहिरीवर मोट ओढणारी. मोटेचे बैल म्हणजे थोडं पुढे आणि मग उलटं मागे, हीच त्यांची सवय. त्या बैलांना पटाला लावायचं म्हटल्यावर सगळं वलगाव हसलं होतं. म्हणूनच पुंडलिकरावांना जोडी हाकायला सुदामशिवाय कोणी मिळत नव्हतं आणि सुदामला त्यांच्याशिवाय मालक. नारळाचं त्यांनी काढलंच नाही.

“छकडा कराचा हाय,” सुदाम म्हणाला. “पन मले गुडघा टेकता येत नाई.”

त्यानं माझ्या अंगणात दोन विटांवर फळी ठेवली आणि बसून दाखवलं. बूड फळीच्या उजव्या कडेला. उजवा पाय दुमडून खाली. डावा पाय सरळ पुढे, धुऱ्याच्या बाजूनं. त्या पायासाठी फळीचं एक टोक वाकडं पुढे न्यायचं आणि टोकाला पाऊल अडकवायला कातड्याचा पट्टा. मला हसू आलं. मी म्हणालो, “सुदाम, हा छकडा नाही, मोडकी खाट आहे. एका अंगाला कलेल.”

“कलनार नाई. मले सरकाचं कामच नाई. बैल उठले का पट्टा ओढतो, वजन पुढं. भरात आले का पाय रेटतो, वजन मांगं. बूड जागचं हलत नाई. तुमी करून तं द्या.”

मी करून दिलं. चाकं मात्र त्यानं स्वतः नदीत ठेवली आणि स्वतः काढली, मला हात लावू दिला नाही. त्याबद्दल तो काही बोलला नाही.

मोटेच्या त्या जोडीनं त्या हंगामात तीन पट मारले. पहिल्या पटात शेवटच्या टोकाला पोचून बैल सवयीनं उलटे मागे यायला लागले, पण तोवर झेंडी पडली होती. जिंकण्याचं कारण उघड होतं. बाकीचे धुरकरी पुढे-मागे सरकताना प्रत्येक वेळी छकडा हिसकायचा आणि बैलांच्या मानेला ते कळायचं. सुदामचा छकडा हिसकत नव्हता. पायाच्या पंजानं तो तोल बदलत होता. मी इतकी वर्षं छकडे केले, पण तोल पायात ठेवता येतो हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ज्याचा गुडघा वाकत नाही त्यालाच ते सुचावं लागलं.

पुढच्या हंगामाआधी माझ्या टिनाखाली रांग लागली. सगळ्यांना वाकडी फळी हवी. दोन्ही गुडघे धडधाकट असलेली माणसं डावा पाय काठीसारखा ताठ करून बसायला शिकत होती. मी एकाला सांगितलं, “तुझा गुडघा चांगला आहे, तुला मी सरळ फळीवर मधोमध पट्टा लावून देतो.” तो म्हणाला, “मिस्त्री, मले फसवून राहिले काय? जशी हाय तशीच द्या.” शेंदूरजनाघाटपासून अकोल्यापर्यंत लोक तिला ‘मिस्त्रीची वाकडी’ म्हणायला लागले. सुदाम ज्या फळीवर बसून जिंकत होता, तिला माझं नाव होतं.

आणि मग दर्यापूरच्या त्याच पटाच्या मंडळींनी माझा सत्कार ठरवला. मंडपात लाउडस्पीकर, तक्तपोसाचं व्यासपीठ, त्यावर पंच आणि मधोमध नानासाहेब. मला वर बोलावून खांद्यावर शेला घातला आणि हातात नारळ दिला. नानासाहेब माईकवर म्हणाले की या कारागिराच्या अकलेनं वऱ्हाडचा पट बदलला. समोर गर्दीच्या कडेला सुदाम पुंडलिकरावांचे बैल धरून उभा होता. हातातल्या नारळाकडे पाहिलं आणि मला पुढे गप्प राहवेना.

मी माईक घेतला. मला भाषण येत नाही. मी म्हणालो की वाकडी फळी माझी नाही, सुदामची आहे. आणि याच शेतात त्याचं चाक सुटलं ते नारळामुळे नाही. चाक कोरडं ठेवलं होतं. धाव माझ्या पाचरींवर होती आणि पाचरी निघाल्या. तो नको म्हणत असताना मी ते केलं. नंतर पाचरी मीच उचलून लपवल्या. चूक धुरकऱ्याची नव्हती, माझी होती. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं.

 मला वाटलं, आता कोणी जोडा फेकून मारेल. मारला असता तर बरं झालं असतं. नानासाहेब उठले, त्यांनी माझ्या हातातून माईक घेतला आणि म्हणाले, “पाहा मंडळी! याले म्हंतात मोठेपना. गरीब धुरकऱ्यावरचा डाग पुसाले हा मानूस सोताचं नाव खराब करून राहिला. असा कारागीर दुसऱ्या जिल्ह्यात दाखवा!” टाळ्यांचा जो कडकडाट झाला तो पट जिंकणाऱ्याच्याही नशिबी येत नाही. मी “नाही हो, खरंच” म्हणत होतो, ते कोणाला ऐकू गेलं नाही. पंचांपैकी एकानं माझ्या पायांना हात लावला. खाली उतरताना दोन माणसं बोलत होती. “मिस्त्री देवमानूस हाय. पन नारय फोडाले पायजे होता बाप्पा त्यानं, काही म्हन.”

मी गर्दीतून सुदामकडे गेलो. पुढची जोडी त्याचीच होती. तो डावं पाऊल पट्ट्यात अडकवत होता. मी म्हणालो, “सुदाम, मी सांगितलं सगळं. त्यांनी ऐकलं नाही, त्याला मी काय करू?”

तो वर न बघता पट्टा आवळत राहिला. मग म्हणाला, “आयकलं ना त्यायनं. टाया काहून वाजवल्या मंग? मिस्त्री, तवाच बोलले असते, तुमचं नाव व्हाच्या आदी, तं लोकायनं चूक म्हटलं असतं. आता तुमी मोठे झाले, आता त्याले मोठेपना म्हंतात. मले तुमचा मोठेपना नोको होता. मले तुमची चूक पायजे होती.”

  एका हातात नारळ होता आणि शेला खांद्यावरून घसरत होता. पलीकडच्या पट्टीत दुसरी जोडी येऊन लागली, पंचानं झेंडी वर केली. सुदामनं दोर हातात घेतले.

“बाजू व्हा,” तो म्हणाला. “बैल बुजतात.”

मी बाजूला झालो.